बंडूभाऊंची बोट तापली तेव्हा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण वेळ कळायची ती इंजिनावरून. सकाळी बाबांनी दुकानात पहिल्या इंजिनाला हँडल मारलं की मागे आईचा चहा चुलीवर चढायचा, आणि दुपारी शेवटचं इंजीन गप झालं की मी ताटं मांडायची. आर्णीच्या रस्त्याला लागून पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मधलं दार कधी लागलंच नाही, कारण त्याच्या कडीला बाबांनी पट्टे टांगून ठेवलेले असायचे. भाकरीलासुद्धा डिझेलचा वास येतो, अशी माझ्या मोठ्या बहिणीची तक्रार. तिचं लग्न राजूरला, खाणीत नोकरी करणाऱ्या माणसाशी झालं, तेव्हा मी भर मांडवात तिला म्हणाले, "ताई, डिझेलातून सुटली अन् कोळशात पडली." असं त्या दिवशी बोलायचं नसतं, हे आईने मला पाठीत धपाटा घालून समजावलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. आता केस पिकले, दोन दाढा गेल्या, जीभ मात्र जागच्या जागी आहे.

मिस्तरीला मुलगा नाही म्हणून त्याने पोरीला हाताशी धरलं, असं लोक सांगायचे. साफ खोटं. बाबांनी मला धरलं नव्हतं, मीच त्यांना सोडलं नव्हतं. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि पान्यांच्या पेटीशी जाऊन बसायचं. बारावीला इंग्रजीने माझा घात केला, तेव्हा आईने फर्मान काढलं की आता ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत घरात बस आणि चार कामं शीक. शिकले की! सकाळी आईबरोबर धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, कुरडया घालायच्या, पाटावर गव्हाच्या जाड शेवयांसारखे सरगुंडे वळायचे, आणि ऊन चढलं की हात धुऊन दुकानात. दुपारी आमरसात ते शिजवलेले सरगुंडे टाकून खायचे. ती चव आता कुठे राहिली! आता माझी सून ते पाकीट फोडून शिजवते, मी काही बोलत नाही. म्हणजे थोडं बोलते.

बाबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हाताची. शेतातल्या पंपाच्या इंजिनाला मोटारीसारखं पुढे रेडिएटर नसतं. पंप विहिरीतून जे पाणी ओढतो, त्यातलंच थोडं एका बारीक नळीने इंजिनात खेळवतात. ते इंजिनाची गरमी घेतं आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या धारेखाली तळहात धरायचा आणि मनात दहा मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर इंजीन खुशाल आहे, चालू दे. पाचाच्या आत ओढावा लागला तर आधी इंजीन बंद कर, मग विचार कर. धार किती जाड आहे तेही पाहायचं. "काटे खोटे बोलतात, मंदे," बाबा म्हणायचे, "तयहात खोटा बोलत नाई." माझ्या डाव्या तळहातावर अजून एक पांढरा डाग आहे. सहाला ओढायला पाहिजे होता, मी हट्टाने आठपर्यंत गेले.

आता बंडूभाऊ. गावाजवळच्या धरणातल्या मासेमारीचा ठेका बंडूभाऊंचा, काठावरचं मंगल कार्यालय बंडूभाऊंचं, आणि बंडूभाऊंच्या डोक्यात रोज एक नवीन किडा. ते एकदा गोव्याला गेले आणि तिथली जेट बोट पाहून वेडे होऊन आले. दोन महिन्यांत तसलीच एक जुनी बोट ट्रकवर घालून आणली. लाल-पिवळी, आठ माणसं बसतील अशी. आधी कळंबला चिंतामणीच्या पाया पडून आले, मग बोटीपुढे नारळ फोडला आणि बाबांना हाताला धरून काठावर नेलं. मी मागे होतेच.

"मिस्तरी, हे पाह्य, इले पंखाच नाई!" बंडूभाऊ म्हणाले. खरंच पंखा दिसत नव्हता. बोटीच्या पोटाला एक जाळी, तिथून ती पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते. त्या फेकण्यानेच पुढे पळते. बाबा चिखलात उकिडवे बसले, वाकून खालून पाहिलं, मागून पाहिलं, इंजिनावरचं झाकण काढून एक एक नळी बोटाने चाचपली, आणि म्हणाले, "बंडूभाऊ, हा त पंपच हाये. आडवा निजवलेला." बंडूभाऊंचं तोंड उतरलं. एवढी गोव्याहून आणलेली चीज आणि हा माणूस तिला पंप म्हणतो! पण बाबांचं बरोबर होतं. त्या आडव्या पंपातूनच एक नळी निघत होती, ती आधी एका जाळीच्या डब्यात, कचरा अडायला, आणि तिथून पुढे इंजीन गार करायला जात होती. वापरलेलं गरम पाणी धुरासोबत मागून बाहेर. आमच्या विहिरीवरचंच गणित, फक्त रंग दिलेलं. म्हणून बोटीच्या देखभालीचं काम आमच्या दुकानाला मिळालं.

चालवायला ठेवले गोमाजीकाका. जातीचे भोई, जन्म पाण्यावर गेलेला. डोंग्यात उभं राहून जाळं फेकायचे तेव्हा डोंगा हलायचा नाही. तीस वर्षांत डोंगा उलटला नाही, हे ते स्वतः सांगत नसत, बाकीचे सांगायचे. मुळात ते बोलायचेच कमी. घरातलं बोलणं सगळं त्यांच्या बायकोकडे होतं. अंजनाकाकू बाजारात मासे विकायची, आणि तिच्याशी भाव करायला माणसं जोडीने जायची. बंडूभाऊंनी गोमाजीकाकांना एक पांढरी टोपी दिली, वर सोनेरी दोऱ्याने नांगर काढलेली. टोपी त्यांना घट्ट व्हायची, कपाळावर वळ उठायचा, पण त्यांनी ती घालणं सोडलं नाही. पोरंसोरं त्यांना कप्तान म्हणायला लागली, आणि ते मान खाली घालून हसायचे.

मे महिना लागला. आमच्याकडचा मे म्हणजे बाहेर ठेवलेल्या पान्याला फडक्याशिवाय हात लावता येत नाही. धरण खाली गेलं होतं, काठाला मातकट, हिरवट पाणी. बंडूभाऊंच्या पुतणीचं लग्न शुक्रवारी त्यांच्याच कार्यालयात होतं, आणि भाऊंनी व्याह्यांना शब्द देऊन ठेवला होता की नवरदेव घोड्यावरून नाही, पलीकडच्या काठावरून बोटीने येईल. पत्रिकेत तसं छापलंसुद्धा. आणि सोमवारी बोट तापली. चार पाहुण्यांना घेऊन गोमाजीकाका निघाले, वेग धरला, तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला, आणि झाकणाखालून शिट्टी मारत वाफ आली. काकांनी इंजीन बंद केलं आणि बांबूने ढकलत ढकलत बोट काठाला आणली. पाहुण्यांमधली एक बाई पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होती.

पहिला आरोप उन्हावर. "मानूस तापून राह्यला, मंग इंजीन काहून तापनार नाई?" असं काठावरच्या प्रत्येकाचं मत. पण सावलीत लावून, संध्याकाळी चालवूनही तीच गत. हळू चालवली तर काटा जागेवर, वेग दिला की सरसर वर. बंडूभाऊंना धीर निघेना, त्यांनी बुधवारी नागपूरहून एक मेकॅनिक बोलावला. गॉगल लावलेला, शर्टाला एक डाग नाही. माझा अशा मेकॅनिकवर आजही विश्वास बसत नाही. त्याने झाकण उघडलं, नाकाने वास घेतल्यासारखं केलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला: "हेड गया साब. गरम इंजन भगाया है ड्रायव्हर ने. पंधरा दिन का काम है." बंडूभाऊ लालबुंद. गोमाजीकाका पुढ्यातच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मी लगेच बंद केलतं भाऊ." पण ते इतक्या हळू म्हणाले की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असेल. मेकॅनिकने जाता जाता आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं, बोट चालवायला एकदम हुशार पोरगा म्हणून.

बंडूभाऊ मग आमच्या दुकानात आले. पंधरा दिवस थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. "मिस्तरी, शुक्रवारी एक फेरी निघाली पायजे. फक्त एक. मंग त्या गोमाजीले घरी पाठवतो, अन् नागपूरचा पोट्टा ठेवतो." बाबांनी हो-नाही केलं नाही. ते म्हणाले, "आधी पाहू त द्या कोनाची चूक हाये." मला तेव्हा फार अभिमान वाटला. बाबांचाही आणि आपलाही, कारण चूक शोधणारे आपण दोघं.

मग आमचं शोधकाम सुरू झालं. आधी इंजिनातला थर्मोस्टॅट काढला. पाणी गरम झालं की आपोआप उघडणारी ती छोटी झडप असते, अडकली तर इंजीन उकळतं. ती उघडते का हे पाहायला उकळतं पाणी पाहिजे. मी घरी आणली आणि चुलीवरच्या पातेल्यात टाकली. पातेलं दुधाचं होतं. आई धाब्यावरून खाली आली तर पोरगी दुधाच्या भांड्यात इंजिनाचा तुकडा उकळत वाकून पाहते आहे! "अवं माय! हे पोट्टी सासरी गेली त सासूच्या चहात नट-बोल्ट टाकन!" आई आधीच तापलेली होती. कुरड्यांचा चीक गाळायचं तिचं मऊ फडकं, निळ्या किनारीचं, आठवड्यापासून सापडत नव्हतं, आणि शेजारच्या लीलाबाईंनीच ते नेलं असा तिचा पक्का समज होता. दोघींचं बोलणं बंद होतं. मी मात्र पातेल्यात डोळे लावून बसले होते. झडप बरोबर उघडली. म्हणजे ती निर्दोष.

मग काटाच खोटा असेल, म्हणून काट्याची तार तपासली, तीही धड निघाली. मी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे तापाचं थर्मामीटर मागायला गेले होते. तो म्हणाला, "मंदा, ते फुटन, अन् तू बी." मग हेड, म्हणजे इंजिनावरचं लोखंडी डोकं, खरंच गेलं का, हे पाहिलं. हेड गेलं तर तेलात पाणी मिसळतं आणि तेल दुधाळ होतं. तेलाची काडी ओढून मी उन्हात धरली. तेल काळंभोर, स्वच्छ. बाबांनी नागपूरच्या दिशेने पाहून एक शिवी दिली, ती इथे लिहिता येत नाही. मग बोटीच्या पोटाची जाळी. गोमाजीकाकांनी टोपी काढून सीटवर ठेवली आणि बुडी मारली. बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा हातात मूठभर शेवाळ आणि कोणाची तरी एक चप्पल. आम्हाला वाटलं, सापडलं! पण परत चालवून पाहिली, आणि काटा पुन्हा लालवर.

तेव्हा मला हात आठवला. एवढे काटे, झडपा पाहिल्या, पण धार कोणी पाहिलीच नव्हती. मी बांधलेल्या बोटीच्या मागे, एका बाजूला, कमरेइतक्या पाण्यात उतरले, बाबांनी इंजीन चालू केलं, थोडा वेग दिला. धुरासोबत जे पाणी जोरात बाहेर पडायला हवं, ते करंगळीएवढं येत होतं. तळहात धरला. एक, दोन, तीन, आणि ओढला. "बाबा! पानीच येऊन नाई राह्यलं!" बाबांचा चेहरा खुलला. म्हणजे इंजीन चांगलं आहे, त्याला गार करणारी नळी कुठेतरी तुंबली आहे. "पंपाकडून सुरू करू," ते म्हणाले. मी म्हटलं, "जाळीचा डबा?" तर म्हणाले, "तो आपनच आठ दिवसाखाली साफ केला ना? त्याले कायले खोलतं?" आणि गोमाजीकाकांना घेऊन मागच्या बाजूची नळी सोडवायला गेले. मिस्तरी लोकांचा हा जुना रोग आहे. जिथे आपला हात लागला, तिथे दोष नाही. चाळीस वर्षांत मी चांगल्या चांगल्यांना या खोड्यात अडकलेलं पाहिलं.

मी सहजच, हात रिकामे होते म्हणून, डब्याचे चार स्क्रू काढले. आत जाळी. जाळीवर गच्च हिरवा-काळा लेप. बोटाने खरवडला, तर लेपाखाली कापड लागलं. आणि कापडाला निळी किनार.

ते कापड तिथे मीच लावलं होतं. आमच्याकडे विहिरीत पंपाचा पाइप सोडताना त्याच्या तोंडाला फडकं बांधतात. गाळ, बेडकं, पाला काही आत जाऊ नये म्हणून. सगळे बांधतात, बाबाही बांधायचे. आठ दिवसांपूर्वी देखभालीच्या दिवशी बाबा चहाला गेले असताना मी डबा साफ केला, पाणी पाहिलं मातकट, जाळीची भोकं पाहिली मोठी, आणि म्हटलं, गोव्याच्या लोकांना एवढी साधी गोष्ट सुचली नाही! पिशवीत आईचं फडकं होतं, भाकरी बांधून आणलेलं. नीट घडी घालून जाळीला गुंडाळलं, दोऱ्याने बांधलं, डबा बंद. बाबांना सांगितलंही नाही, नंतर कधीतरी ऐटीत सांगू म्हणून. आणि मग विसरून गेले. विहिरीत फडकं चालतं, कारण बांधणारा रोज सकाळी विहिरीवर असतो, ते झटकतो. इथे बंद डब्यात त्याच्यावर शेवाळ बसलं, गाळ बसला, आणि वेगात पाणी ओढलं की ते पापडासारखं जाळीला चिकटून बसायचं.

मी काय केलं? खरं सांगते, विचार केलाच नाही. कमरेला खोचलेल्या ओढणीत ते फडकं घातलं, जाळी धुतली, डबा बंद केला. बाबा पलीकडून ओरडले, "इकडची नळी त साफ हाये वं! तिकडे काई भेटलं काय?" मी म्हणाले, "शेवाळ." ते खोटं नव्हतं. शेवाळ होतंच, फक्त कशावर होतं ते मी सांगितलं नाही.

इंजीन चालू केलं, वेग दिला. मागून मनगटाएवढी धार. मी हात धरून दहा मोजले, वीस मोजले. काटा मेला जागचा हलेना! बंडूभाऊंना निरोप गेला, ते धोतर सावरत पळत आले, आणि गोमाजीकाकांनी भर वेगात धरणाला दोन चकरा मारल्या. काठावर टाळ्या. बंडूभाऊ म्हणाले, "नागपूरच्या मेकॅनिकले जमलं नाई ते मिस्तरीच्या पोरीनं केलं!" बाबांनी माझ्या डोक्यावर काळा हात ठेवला, आणि मी फुगले. हो, फुगले. ओढणीत ते ओलं फडकं पोटाला गार लागत होतं, तरी फुगले.

मग बंडूभाऊंनी विचारलं, काय होतं? बाबा म्हणाले, "जाळीत शेवाळ." आणि बंडूभाऊ गोमाजीकाकांकडे वळले. "मंग ते पाहनं कोनाचं काम होतं रे? रोज बोट तू चालवतं ना? हेड जळता जळता वाचलं. उद्याची फेरी मार, अन् परवापासून येऊ नको." काकांनी टोपी हातात घेतली, आतली घामाची पट्टी अंगठ्याने पुसली, आणि "बरं भाऊ" म्हणाले. मी तिथेच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. नाही उघडलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवसापासून मानते. घरी आईने कौतुकाने कढी-गोळे केले, माझ्या आवडीचे, आणि मला गोळा गिळवेना. दुकानात येणारा प्रत्येक माणूस बाबांना माझ्याबद्दल विचारायचा, आणि बाबा प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढवून सांगायचे. संध्याकाळपर्यंत मी डोळे मिटून, फक्त आवाजावरून दोष ओळखला होता. आई बाहेर लीलाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने लोकांच्या फडक्यांवर डोळा ठेवणाऱ्यांबद्दल बोलत होती. म्हणजे एका फडक्यापायी मी दोन निर्दोष माणसांवर आळ आणला होता.

शुक्रवारी नवरदेव बोटीतून आला. बँड काठावर गुडघाभर पाण्यात, नवरदेवाचं बाशिंग वाऱ्याने तिरकं, करवल्या किंचाळत होत्या. गोमाजीकाकांनी बोट अशी अलगद लावली की नवरदेवाच्या हातातली तलवारसुद्धा हलली नाही. लोकांनी नवरदेवापेक्षा बोटीचेच जास्त लाड केले. मग पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. बाबा, आई आणि मी एका ओळीत, समोरच्या ओळीत टोकाला गोमाजीकाका. टोपी त्यांनी मांडीखाली ठेवली होती. बंडूभाऊ वाढत वाढत आले, माझ्या पानात बुंदीचा ढीग घातला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्यामुळे इज्जत वाचली बरं! नाई त आमच्या ड्रायव्हरनं बुडवलीच होती!" लोक हसले. काकाही हसल्यासारखे झाले, पानात पाहून.

"काकांनं नाई," मी म्हणाले. तोंडात बुंदी होती, कोणाला नीट कळलं नाही. मी गिळली आणि उठून उभी राहिले. पंगतीतून मध्येच उठत नाहीत, पण मी उठले. "काकांनं नाई बुडवली. मी. जाळीवर मीच फडकं बांधलं होतं, विहिरीवर बांधतात तसं. त्याच्यानंच तापली. काल मले भेटलं अन् मी लपवलं." पंगतीत कोणाचा घास हलेना. आणि पहिला आवाज आला तो माझ्या आईचा: "अवं, म्हनजे माह्यं चिकाचं फडकं तुयापाशी हाये!"

अख्खी पंगत फुटली. मठ्ठा वाढणाऱ्याने मठ्ठा सांडला. लीलाबाई दोन पानं सोडून बसल्या होत्या, त्यांनी आईकडे जे पाहिलं त्यावर एक वेगळं प्रकरण लिहिता येईल. बंडूभाऊंना हसावं की रागवावं कळेना, आणि हातातली बुंदीची परात घेऊन तो मोठा माणूस तसाच उभा राहिला. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "फडकं बांधलं, ते चुकलं. मीच रोज बांधतो, तू पाहून शिकली. पन लपवलं कायले? ते मी कवा शिकवलं?" मग ते बंडूभाऊंकडे वळले. "भाऊ, पोरीनं केलं म्हनजे दुकानानं केलं. काढाचं असन त आमाले काढा. गोमाजीले काढाल त बोटीले दुसरा मिस्तरी बी पाहून ठेवा." बंडूभाऊ परात एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "आता कोनालेच नाई काढत बापा, जेवू द्या लोकायले." आणि गोमाजीकाकांपाशी जाऊन त्यांच्या पानात, न मागता, दोनदा बुंदी वाढली. माफी मागायची ती बंडूभाऊंची पद्धत.

मला वाटलं, संपलं. रडून झालं होतं, हलकंही वाटत होतं. हात धुवायच्या नळावर गोमाजीकाका माझ्या शेजारी आले. मी म्हणाले, "काका, चुकलं माह्यं." ते चूळ भरत म्हणाले, "मले नोको सांगू. माह्या घरी चाल, अन् अंजनाले सांग." अंजनाकाकू लग्नाला आली नव्हती. नवऱ्याची शेवटची फेरी पाहायला मी येणार नाही, असं सांगून घरी बसली होती. तिच्यासमोर जाऊन हे बोलायचं म्हणजे वाघिणीच्या गुहेत शिरायचं. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

काठापासून चार पावलांवर त्यांचं घर. अंगणात वाळत घातलेलं जाळं, माशांचा वास, आणि ओट्यावर पाय पसरून जाळं सांधत बसलेली अंजनाकाकू. तिने आम्हाला येताना पाहिलं तरी सुई थांबवली नाही. "आले काय कप्तान?" एवढंच म्हणाली. काका रांजणापाशी गेले आणि पायावर पाणी घेत उभे राहिले. मी ओट्याखाली उभी राहून सगळं सांगितलं. फडकं, डबा, शेवाळ, लपवणं, पंगत. सांगताना तिच्या हाताकडेच पाहत होते. ती सुई हळूहळू थांबली.

वाटलं, आता माझ्यावर तुटून पडते. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत होती. "मी तुमाले सोमवारपासून बोलून राह्यली. दारू पिऊन चालवली असन म्हटलं. म्हातारे झाले, डोये गेले म्हटलं. इंजीन जाळलं, आता पोट जाळाल म्हटलं. तुमी एक शब्द नाई बोलले. काहून? तुमाले त मालूम होतं ना, तुमी काई केलं नाई म्हनून?"

काकांनी तांब्या रांजणावर ठेवला. मग सावकाश म्हणाले, "तो नागपूरवाला म्हने, भाऊ म्हने, तू म्हने. सारेच म्हनून राह्यले होते. मले वाटलं, असन बा. मीच इंजीन जाळलं असन."

अंजनाकाकूच्या मांडीवरचं जाळं खाली घसरलं. ती उठली, नवऱ्याच्या काखेतली ती टोपी घेतली, पदराने पुसली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळली.

"आयकलं ना पोरी?" ती म्हणाली.

मी ऐकलं होतं.